बेल्मिरोच्या हाताचं माप

इल्दाने आदल्या दिवशी पात्यांपुढे बसवलेले संरक्षक गार्ड सकाळी एकाही मशीनवर जागेवर नव्हते. सगळे वर बांधून टाकलेले होते. कुठे सुतळी, कुठे तार, आणि फेलिस्मिनाच्या मशीनवर तर तिच्या जुन्या ॲप्रनची नाडी. एकजण तेवढाही त्रास न घेता गार्ड काढून खिडकीत ठेवून मोकळा झाला होता आणि त्यावर कुणाचा तरी कॉफीचा पेला होता.

"कोणी बांधलं हे?" इल्दाने विचारलं.

"वाऱ्याने," फेलिस्मिना म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "रात्री फार सुटला होता."

आजूबाजूच्या बायका खाली मान घालून हसल्या. इल्दाला राग आला, पण फेलिस्मिनावर रागावणं तिला कधी जमलं नव्हतं. या बाईनेच तिला लहानपणी सायकल शिकवली होती.

फेइरा गावाच्या डोंगराकडच्या अंगाला तेव्हा एका घराआड एक बुचाचा कारखाना होता. झाडाची साल यायची, ती उकडून, सपाट करून तिच्या पट्ट्या कापायच्या आणि पट्टीतून बाटलीची बुचं काढायची. बुचं काढायचं मशीन दिसायला अगदी साधं होतं. नळीसारखं पोकळ पातं गरगर फिरत असायचं. कामगार हाताने पट्टी पुढे सरकवायचा, पायाने पायडल दाबायचा, पातं पुढे येऊन पट्टीत घुसायचं आणि मागच्या बाजूने बूच टपकन खाली पडायचं. पुन्हा सरकव, पुन्हा दाब. हात सवयीने चालायचा आणि मन दुसरीकडेच असायचं, आणि त्यातच सगळा धोका होता. गावात चार माणसं जमली की त्यातल्या एकाचं तरी बोट आखूड असायचं.

इल्दा याच गावात वाढली, पण नंतर पोर्तो शहरात जाऊन मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत गार्ड आखायचं काम करू लागली. बरीच वर्षं ती कागदावर गार्ड आखत होती. ते कुठे जातात, त्यांच्यामागे कोण उभं राहतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आई गेल्यावर वडील घरात एकटे पडले, आणि नेमकं त्याच सुमाराला सरकारी तपासनिसाने गावच्या कारखान्याला ताकीद दिली. मालक वाल्देमारसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. ती ट्रंक घेऊन परत आली. वडिलांनी दार उघडलं, ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूप दोघांपुरतं आहे." बेल्मिरोच्या तोंडून एवढं आलं म्हणजे स्वागत जोरात झालं असं समजायचं.

बेल्मिरो त्याच कारखान्यात, अगदी शेवटच्या मशीनवर होते.

"रागावू नकोस गं," फेलिस्मिनाने मशीन बंद केलं. "तुझा गार्ड देखणा आहे. देवळात मांडावा असा. फक्त त्याच्यातून काम होत नाही."

"का नाही होत?"

"आदेरितो, इकडे ये रे. हिला तुझा पंजा दाखव."

आदेरितो आला. दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच गडी, आणि हात असा की त्यात पाव झाकून जाईल. त्याने गार्डच्या फटीला मूठ लावली. मूठ बाहेरच अडकली.

"शेवटची वीतभर पट्टी आतच राहते," तो कळवळून म्हणाला. "मग ती काय मी फुंकर मारून ढकलू? आणि हे खाली वाकून बघायचं. संध्याकाळी माझी पाठ माझी राहत नाही, इल्दाताई."

"आता माझा बघ," फेलिस्मिना म्हणाली. मशीनपुढे तिची उंची पुरत नसे म्हणून ती बाटल्यांच्या लाकडी खोक्यावर उभी राहायची. तिने पट्टी फटीत घातली आणि पट्टीच्या बाजूने आपला हातही घातला. मनगटापर्यंत सरळ आत गेला. तिथे, पारदर्शक झाकणामागे, तिची बोटं थांबलेल्या पात्याला टेकली. तिने ती हलवून दाखवली.

फटीची मापं इल्दाने पुस्तकातून घेतली होती आणि पुस्तकातली मापं कुठल्याशा थंड देशातल्या सैनिकांच्या हातांवरून काढलेली होती. तिने सगळे गार्ड स्वतः उतरवले, एकावर एक रचले आणि हातगाडीवर घालून परत नेले. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मग तिने लाकडाची एक पेटी केली. पेटीला सरकत्या फळीची फट, फट हवी तेवढी रुंद-अरुंद करता येईल अशी, आणि आत हात कुठवर पोचला ते दिसायला बाजूला काच. जेवणाच्या सुट्टीत ती ही पेटी मांडून बसली आणि म्हणाली, सगळ्यांनी हात द्या.

आधी कुणी येईना. मग फेलिस्मिना आली, आणि तिच्यामागे सगळा कारखाना. ती करमणूकच झाली.

"आयुष्य किती आहे गं माझं?"

"मला दुसरा नवरा लिहिलाय का बघ. पहिला घोरतो."

"आदेरितोला पेटी पुरायची नाही, त्याला पिंप आण."

इल्दा हसत होती आणि मोजत होती. तळव्याची रुंदी, बोटांची लांबी, फटीतून कोण कुठपर्यंत पोचतं, कोपर जमिनीपासून किती उंच. तिला नवल वाटत होतं. एकाच गावची, एकच सूप पिऊन वाढलेली माणसं, पण फेलिस्मिनाचा सगळा हात आदेरितोच्या तळव्यावर मावून वर जागा राहत होती. पट्ट्या निवडणाऱ्या एका मुलीची बोटं इतकी लांब होती की तिला सगळे पियानो घे म्हणाले. एका म्हाताऱ्याचं कोपर सरळच होत नव्हतं.

बेल्मिरो तेवढे आले नाहीत. ते भिंतीला टेकून, डावा हात पँटच्या खिशात घालून, उजव्या हाताने मक्याची भाकरी खात उभे होते.

"बाबा, या ना."

"माझा हात तुला पाठ आहे," ते म्हणाले आणि भाकरीचे कण झटकून निघून गेले.

इल्दाने आग्रह केला नाही. तिला तो हात पाठच होता, उजवा. शाळेत सोडायला नेणारा, सफरचंद सोलून देणारा, आईच्या शवपेटीवर ठेवलेला. डाव्या हाताची दोन बोटं आणि तळव्याची कड इल्दा अगदी लहान असताना याच मशीनमध्ये गेली होती, हे तिला ठाऊक होतं. पण त्या घरात त्याबद्दल बोलत नसत. डावा हात खिशात असायचा, कामावर हातमोज्यात असायचा. आपलं घर डोंगराच्या उतारावर आहे हे माणूस जसं धरून चालतो, तसं तीही ते धरूनच चालली होती.

नव्या गार्डला तिने बोगदा दिला. फट अशी की पट्टी जाईल आणि बोटं जातील, पण अगदी फेलिस्मिनाचाही हात बोटांच्या मुळांशी रुंद होतो तिथे अडेल. आणि बोगदा इतका लांब की अडलेल्या हाताची बोटं पात्यापर्यंत पोचूच नयेत. शेवटचा तुकडा ढकलायला तिने लाकडी दांड्याचं, पुढे फाटा असलेलं एक दुबेळकं केलं. उभं राहायला खोक्यांऐवजी वरखाली होणाऱ्या लोखंडी पाट्या केल्या. फेलिस्मिनासाठी पाटी वर न्यायची, आदेरितोसाठी पाटी काढून मशीनच विटांवर चढवायचं.

या वेळी ती शहाणी झाली होती. गार्ड बसवला की मशीन बंद ठेवून त्या-त्या माणसाला आधी चालवून बघायला सांगायची. आदेरितोने दुबेळकं हातात धरून म्हटलं, "हे दात कोरायला आहे का?" तिने त्याला जाड दांड्याचं करून दिलं. फेलिस्मिनाने फटीत हात घालून बघितला, तिरका घालून बघितला, शेवटी अंगठा दुमडून बघितला. हात अडला.

"गेला नाही," ती थोडी निराश होऊन म्हणाली. मग पाटीवर चढली, मशीनकडे वरून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई. इतकी वर्षं मी याला खालून बघत होते."

सगळ्यात शेवटी बेल्मिरोचं मशीन आलं. बाकी सगळे जेवायला गेले होते.

"मला नको तालीम," ते म्हणाले. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं. बसव आणि जा."

"सगळ्यांनी केली, बाबा. मशीन बंदच आहे."

त्यांनी पट्टी घातली. उगाच आपलं लेकीचं मन राखायला, भराभर, डाव्या हाताने पट्टी सरकवत नेली. ते डावखुरे होते, हे इल्दाच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. पट्टी संपत आली. दुबेळकं बाजूला तसंच पडलं होतं, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. शेवटच्या तुकड्यामागोमाग त्यांचा हात फटीत शिरला आणि अडला नाही. तळव्याची कडच नव्हती, तर अडणार काय? अंगठा आत दुमडला, उरलेली दोन बोटं पुढे झाली आणि हात बोगद्यातून असा गेला, जसा काही तो त्याच्याच मापाने केला होता.

झाकणातून दोघांनाही दिसलं. हातमोज्यातली दोन बोटं पात्याच्या धारेवर टेकली होती.

मग बेल्मिरोंनी हात सावकाश बाहेर काढला.

"बाकीच्यांना बरोबर आहे ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग झालं तर. दोष हाताचा आहे, गार्डचा नाही. मी ते दुबेळकं वापरेन."

"आज वापराल, बाबा. रोज, दर पट्टीला, न चुकता वापराल?"

"एका माणसासाठी सगळं परत करशील? वाल्देमार तुला हाकलून देईल."

"देऊ दे."

"हट्टी आहेस," ते म्हणाले आणि डबा उचलून बाहेर गेले.

वाल्देमारसाहेबांनी हाकललं नाही, पण कपाळाला हात लावला. "इल्दाबाई, तुमचे वडील आहेत म्हणून मी समजू शकतो. पण त्यांना वर्गवारीच्या टेबलावर बसवू. बसून काम. मान राखून."

इल्दाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बेल्मिरो कोबी चिरत होते. पाटावर उजव्या हातात सुरी, आणि कोबी डाव्या हाताच्या मनगटाखाली दाबून धरलेला. तिच्याकडे पाठ होती.

"बसून बुचं निवडू?" ते म्हणाले. "म्हाताऱ्यांचं काम ते."

"मग मला हात द्या. माप घेऊ दे. मी दुसरं काहीतरी काढते."

"सूप ढवळ. खाली लागेल."

तिने सूप ढवळलं. जेवताना दोघं पावसाबद्दल आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी फेलिस्मिनाने बेल्मिरोंना गाठलं. मशीनच्या आवाजावरून ओरडून बोलायची तिची रीत होती, त्यामुळे ते सगळ्या कारखान्याने ऐकलं.

"काय रे बेल्मिरो, आम्ही सगळ्यांनी हात दाखवले. माझ्या नखांत माती होती तरी दाखवला. तू काय नवी नवरी आहेस?"

"तू आपलं काम कर, मिना."

"करतेच आहे. उंचावरून करते आता, मला सगळं दिसतं. पोरगी दोन दिवस नीट जेवत नाहीये ते पण दिसतं."

फेलिस्मिना कामाला लागल्यावर बेल्मिरोंनी दोनदा इल्दाच्या टेबलाकडे पाहिलं, हे तिने नंतर इल्दाला सांगितलं, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर इल्दा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र्याचे तुकडे मांडून बसली होती. बेल्मिरो आत आले, कोट खुंटीला लावला, समोर बसले आणि डावा हात टेबलावर ठेवला. तिच्या पुढ्यात, तळवा वर करून.

"घे," ते म्हणाले. "काय मोजायचं ते मोज. बोलू नकोस."

तिने हात हातात घेतला. हात गरम होता, आणि उजव्यासारखाच खरबरीत. कडेला जिथे हाड काढलं होतं तिथे कातडी मऊ आणि गुळगुळीत होती, लहान मुलाच्या टाचेसारखी. तिने रुंदी मोजली, बोटांची लांबी मोजली, अंगठा दुमडायला लावून पुन्हा मोजली. मग मोजण्यासारखं काही उरलं नाही, तरी तिने हात सोडला नाही.

"तू भ्यायचीस याला," बेल्मिरो म्हणाले.

"मी?"

"दवाखान्यातून आलो तेव्हा. एवढीशी होतीस. मी उचलायला गेलो तर जी रडलीस, आईच्या मागे जाऊन लपलीस. तीन-चार दिवस जवळ येईनास. मग मी हा खिशात घातला. मग आलीस."

इल्दाला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला वाटत होतं की त्यांना लाज वाटते. आईलाही तसंच वाटलं असावं, किंवा आईला सगळं ठाऊक असावं.

"मग नंतर काढायचा ना बाहेर," ती म्हणाली. "मी मोठी झाल्यावर."

"तुला विचारायचं कसं? भीती गेली का म्हणून?" बेल्मिरो जरा ओशाळून हसले. "आणि मग सवयच पडली. ऊब असते खिशात."

तिने तो हात उचलून आपल्या ओल्या गालाला लावला. बेल्मिरोंनी थोडा वेळ लावू दिला. मग म्हणाले, "पत्रा गंजेल तुझा," आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

त्याच टेबलावर बसून तिला चूक सापडली. हात रुंद असणार आणि रुंदीमुळे तो अडणार, असं तिने धरलं होतं. म्हणजे अडवायचं काम तिने हातावरच सोपवलं होतं. हात कसाही असू शकतो. उद्या फेलिस्मिनाहून लहान कुणी कामाला येईल, किंवा बेल्मिरोंसारखं कुणी. अडवायचं ते गार्डने.

तिने बोगद्याच्या छताला लोखंडाची एक जीभ टांगली, बिजागरीवर लोंबकळणारी. पट्टी आत जाताना जीभ उचलली जाते, पट्टीच्या पाठीवर टेकते आणि घसरत राहते. पट्टीचं शेवटचं टोक पुढे गेलं, की जीभ आपल्या वजनाने खाली पडते आणि आतून खिट्टी बसून बोगदा बंद. खिट्टी सुटते ती फक्त नव्या पट्टीने दोन्ही कडा एकदम दाबल्या तरच. मागून येणारा हात जाड असो की बारीक, पाच बोटांचा असो की तीन, पुढे लोखंडच. जिभेच्या खाली एक खाच ठेवली, तिच्यातून फक्त दुबेळक्याचं पातळ टोक आत जाईल. आणि दुबेळक्याच्या दांड्याला तिने चामड्याची कडी लावली, म्हणजे तीन बोटांनीही ते पक्कं धरता येईल.

वाल्देमारसाहेब म्हणाले, "एकाच मशीनला करा. बेल्मिरोच्या." इल्दाने एकाच मशीनला केलं. तालमीला या वेळी कुणी जेवायला गेलं नाही. बेल्मिरोंनी हातमोजा काढून ठेवला, म्हणाले, नीट कळायला हवं, आणि उघड्या हाताने पट्टी सरकवली. शेवटचा तुकडा गेला. जीभ खट्‌ करून पडली. हात तिच्यावर आपटला.

"लागलं का?" इल्दाने विचारलं.

"लागलं तर," ते समाधानाने म्हणाले. "दार आपटावं तसं."

आदेरितोने मग रांग लावल्यासारखं करून स्वतः जीभ पाडून बघितली, कडीत आपली बोटं घालून बघितली. "याला कडी आणि आम्हाला काठी?" तो म्हणाला. "मालकाला सांगा, मलाही ही कडी हवी. दांडा घामाने सुटतो." पियानोवाल्या मुलीलाही हवी होती. ती अजून पट्ट्याच निवडत होती, पण तिला मशीनवर यायचं होतं. दोन-तीन दिवसांत वाल्देमारसाहेबांना कळून चुकलं की एका मशीनचं कौतुक सगळा कारखाना करत बसला, तर काम होणार नाही. त्यांनी सगळ्यांना करा म्हणून सांगितलं आणि वर हेही ऐकवलं, की हे आधीच का नाही सुचलं?

ईस्टरच्या आत सगळी मशीनं झाली. पहिल्यापहिल्याने जिभा अडकायच्या, बुचाचा भुसा बिजागरीत जायचा, आणि इल्दा ब्रश घेऊन मशीनमागे मशीन हिंडायची. एकदा आदेरितोने एक जीभ चिडून सुतळीने बांधलीसुद्धा. बेल्मिरो आपलं मशीन सोडून त्याच्या मशीनपाशी गेले, खिशातला चाकू काढून सुतळी कापली आणि परत येऊन कामाला लागले. आदेरितोने त्यांच्याकडे पाहिलं आणि इल्दाला हाक मारली, "ताई, जरा तेल आणता का?"

इल्दा आता पट्ट्या कापायच्या खोलीकडे वळली होती. तिथलं गोल पातं बुचाच्या पात्याहून वाईट होतं आणि तिथल्या माणसांना मोजून घ्यायची मुळीच हौस नव्हती. त्यांच्यातला एकजण तिला दारातच म्हणाला, "ती पेटीवाली बाई तूच का? आमच्याकडे नको हं ते."

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं.

"कोण, तो लाल मिशीवाला?" बेल्मिरोंनी विचारलं.

"तोच."

"त्याला आधी वाईन पाज. मग तो पायसुद्धा देईल मोजायला." त्यांनी तिच्या ताटलीत सूप वाढलं, मग सॉसेजचा एक तुकडा, मग जरा विचार करून स्वतःच्या ताटलीतला दुसरा. "जेव आता. उद्या मी येतो तुझ्याबरोबर. त्याच्या बापाला मी ओळखत होतो."

"काही बोलू नका हं तुम्ही मध्ये."

"मी कधी बोलतो?" बेल्मिरो म्हणाले.